आबांच्या कॅसेट आणि न बोलणारी पेटी

सर्व्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेशनचे दुकान उभे राहते. आपण मशीनवर अंगठा ठेवायचा आणि दुकानदाराने म्हणायचे, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." त्यामुळे घरात सर्व्हर आणणार असे मी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, आता घरातही रांग लावायची का?" मला हवा होता तो गाण्यांचा सर्व्हर. म्हणजे साध्या भाषेत, घरातल्या सगळ्या कॅसेट ज्याच्या पोटात राहतील आणि मागू तेव्हा वाजतील असा एक छोटा संगणक, रात्रंदिवस चालू राहणारा.

कॅसेट माझ्या कालकथित वडिलांच्या. आबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, गायन पार्टी मात्र सुटली नाही. जयंतीच्या मंडपात, कोणाच्या नामकरणाला, कोणाच्या लग्नात पार्टी गायची आणि कोणीतरी टू-इन-वन पुढे ठेवून ते भरून घ्यायचे. अशा १४० कॅसेट एका पत्र्याच्या पेटीत जमल्या. आबा २०११ मध्ये गेले आणि पेटी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी आईने त्यातली एक काढून लावली, तर फितीवर पांढरी बुरशी आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. आई काही बोलली नाही. कॅसेट पदराने पुसून पुन्हा पेटीत ठेवली.

विक्रोळीची आमची खोली दहा बाय पंधरा. माणसे पाच. मुलगी परिचारिका आहे, ती रात्रपाळी करून येते आणि दिवसा झोपते. मुलगा बारावीला. आई रात्री दोन-दोन तास जागी असते. चोवीस तासांत या खोलीत कोणी ना कोणी झोपलेले असतेच. मोठ्या घरात असे यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावता येते. आमच्याकडे दुसरी खोली नाही, म्हणून यंत्राने आवाज करता कामा नये ही पहिली अट ठरली. किंमत दुसरी.

मी वाणिज्य शाखेचा, आधी हिशेब मांडला. कॅसेट सीडीच्या दर्जाने भरली तर मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६३५ एमबी जागा लागते. १४० कॅसेटचे झाले सुमारे ८९ जीबी. फ्लॅक नावाच्या पद्धतीने साठवले की आवाजातले काही न गमावता जागा साधारण निम्मी होते. म्हणजे २५६ जीबीची डिस्क आमच्या सात पिढ्यांना पुरेल. दुकानदार चार टीबीच्या खाली बोलायला तयार नव्हता. त्याला सिनेमे ठेवणारे गिऱ्हाईक माहीत, गाणी ठेवणारे नाही. गाणे वाजवायला संगणकाला कष्टही फारसे पडत नाहीत, त्यामुळे ताकदवान यंत्र घेणे म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणे.

पहिला प्रयोग फुकटातला. एका स्नेह्याने जुना डेस्कटॉप दिला. त्यात तीन पंखे आणि फिरती हार्ड डिस्क. पंखा जितका लहान तितका वारा देण्यासाठी त्याला जोरात फिरावे लागते आणि तितका तो किरकिरतो. त्यात आमच्या खोलीत शेगडी तिथेच, फोडणीची वाफ आणि धूळ पात्यांवर बसली की आवाज वाढतच जातो. डिस्कची घरघर लोखंडी मांडणीत उतरून दुप्पट झाली. खाली जुन्या चपलेचे रबर लावले तेव्हा थोडी कमी झाली. वीजही मोजा. ५० वॅट धरले तर महिन्याला ३६ युनिट.

पण तो डेस्कटॉप घराबाहेर काढला तो आईच्या एका वाक्याने. आबा गाणे सुरू करण्यापूर्वी खाकरत आणि ढोलकीवाल्याला हळूच "हं" म्हणत. ते कॅसेटमध्ये आहे. आई म्हणाली, "गाणं ऐकू येतं रे, पण त्यांचं खाकरणं या पंख्यात बुडतं."

मग रास्पबेरी पाय घेतला, चौथ्या पिढीचा. ही इंग्लंडात शाळकरी मुलांना संगणक शिकवण्यासाठी निघालेली तळहाताएवढी पाटी. पंखा नाही आणि वीज तीन-चार वॅट. पाचवी पिढीही निघाली आहे, पण तिला हेडफोनचे छिद्र नाही आणि ती जास्त तापते. भरून घेण्यासाठी लाइन-इन असलेले वेगळे यूएसबी साउंड कार्ड लागले. सगळे त्याच्यातल्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर साठवत गेलो. इथे माझी चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. १९८६ ची एक कॅसेट होती, फितीवरून चॉकलेटी भुकटी गळत होती. ए बाजू भरून मुलीच्या पेनड्राइव्हवर टाकली. बी बाजू भरली आणि झोपलो. पहाटे लाइट गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी कार्ड वाचेना. ती कॅसेट पुन्हा लावली तर फीत गुंतून तिचे तुकडे झाले. बी बाजू गेली. आईला मी आठ दिवस सांगितले नव्हते.

कार्ड हे सतत लिहिण्यासाठी नसते आणि लिहिता-लिहिता वीज गेली तर ते बिघडू शकते, हे पुतण्याने नंतर सांगितले. तो आयटीआय झालेला आहे. पायला वेगळी एसएसडी जोडता आली असती, पण तो मला लॅमिंग्टन रोडला जुन्या मालाच्या गाळ्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, ही पेटी बघा. हिच्यात पंखाच नाही." बघतो तर माझ्या ओळखीची! कार्यालयांत, बँकांत मॉनिटरच्या मागे चिकटवलेली काळी पेटी असते ना, थिन क्लायंट म्हणतात, तीच. कार्यालये नवा माल घेतात आणि या पेट्या लॉटने विकतात. आम्ही डेल कंपनीची वाईज ५०७० घेतली. पुस्तकाएवढी, पोलादी, आत हलणारा एकही भाग नाही. एसएसडीतही काही फिरत नाही. मात्र तिच्या खाचेत सॅटा जातीचीच एम-टू डिस्क चालते, दिसायला तशीच असलेली एनव्हीएमई चालत नाही. आम्हाला आधी दुसरीच मिळाली आणि बदलायला पुन्हा फेरी पडली. तुम्ही घ्याल तर तिथेच उभे राहून लावून पाहा. रिकामी असताना ती पाच-सहा वॅट घेते. सहाने मोजले तरी महिन्याला सव्वाचार युनिट.

महागडे डॅक यंत्र घ्या असे बऱ्याच जणांनी सुचवले. नाही घेतले. कॅसेटची स्वतःची खसखस पेटीच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठी आहे, मग पैसे कशाला? ते मी यूपीएसवर घातले. वीज गेली की यूपीएस स्वतःच ओरडतो, म्हणून पुतण्याने त्याचा भोंगा बंद करून दिला. शिवाय एक फिरती डिस्क नाशिकला बहिणीच्या घरी असते. दिवाळीत आणि मे महिन्यात ती येते तेव्हा नवीन भरलेले त्यात उतरवतो. पेटी बिघडेल, चोरीला जाईल, खोलीत पाणी शिरेल, डिस्क तिकडे राहील.

आईला मोबाईल जमत नाही. तिच्यासाठी आकड्यांची छोटी की-पॅड जोडली, हिशेबनीस वापरतात तशी. एक दाबले की आबा, दोन दाबले की आबांची पार्टी, शून्य दाबले की बंद. अंधारात बोटांनी सापडते. पहिल्या आठवड्यात तिने पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला, टीव्हीवर घालतात तसा. ही पेटी पंख्याऐवजी अंगातूनच उष्णता सोडते, ती झाकली की तापते. तसे सांगितल्यावर रुमाल तिने खाली अंथरला.

रात्री मुलगा पुस्तक मिटतो तेव्हा ती एक दाबते, आवाज अगदी बारीक. पेटी चालू आहे की बंद, दिवा पाहिल्याशिवाय मलाही कळत नाही. आधी खाकरणे येते, मग "हं".

१४० पैकी ९७ कॅसेट भरून झाल्या आहेत. पार्टीतले एक ढोलकीवाले काका कल्याणला असतात, त्यांच्याकडेही एक खोके आहे असे कळले. १९८६ च्या त्या कार्यक्रमाची दुसरी प्रत त्यात असू शकते. येत्या रविवारी कापूस, स्पिरिट आणि दुरुस्त केलेला टेप घेऊन मी आणि पुतण्या तिकडे जाणार आहोत. आईही येते म्हणते आहे.