गोळीचा स्वभाव

गोळी ती गोळी; तिच्यात निवडायचे काय, असे आपण सहज म्हणून जातो. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाला नेमबाजीचा भारी नाद. त्याच्यामुळे मला कळले की गोळ्यांनाही स्वभाव असतात!

निशाणावर झाडायची गोळी एकवचनी हवी. दर काडतुसाला वजन तेच, वेग तोच. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात ५० मीटरांवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा! तिथे शिशाची साधी गोळी पुरते. कागदाला भोक पडले की तिचे काम संपले.

शिकारीची गोष्ट निराळी. तांब्याच्या कवचात पुरती मढवलेली गोळी कित्येकदा जनावराच्या अंगातून आरपार निघून जाते, आणि ते बिचारे रानात तडफडत राहते. म्हणून जिथे शिकारीला मुभा आहे, तिथे टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी घेतात. ती आत शिरताच फुलते आणि जनावर लवकर सुटते. अशीच फुलणारी गोळी कलकत्त्याजवळ डमडमला सैनिकांसाठी बनली, तेव्हा १८९९ साली हेगच्या परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. माणसाच्या बाबतीत जी क्रूर, तीच जनावराच्या बाबतीत दयाळू!

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीची दारे बहुतेक बंद केली, हे फार चांगले झाले. आता आमच्या मुलांसमोर उरला तो कागद. त्याला दुखत नाही. पदके मिळवावीत ती त्याच्यावरच!