बत्तीस चिपांतली एक

नारायण पेठ, रविवार रात्र

मोदी गणपतीची आरती केव्हाच झाली. मी अजून १९८१ च्या ऑस्बोर्न १ संगणकापुढेच. ६४ किलोबाइट मेमरी, ४११६ जातीच्या ३२ चिपा, आठ-आठांच्या चार रांगा. प्रत्येक चिप बाइटमधला एकच बिट सांभाळते. चाचणीत शून्य लिहिलं की एका रांगेतून चार परत येतंय. म्हणजे दोष तिथल्या तिसऱ्या बिटाच्या चिपेत. ती बदलण्याआधी १२, ५ आणि उणे ५ व्होल्ट मोजून घेतले. उणे ५ नसेल, तर नवी चिपही जळू शकते. एवढ्याशा मेमरीत लोकांनी वर्डस्टारवर लिखाण केलं, सुपरकॅल्कवर हिशेब मांडले. एका चिपेपायी असं यंत्र भंगारात जाणं मला मान्य नाही. नेमका दोष शोधणं हाही ते बनवणाऱ्यांच्या कारागिरीचा मानच.