अंधार पाहायला राजूरला

परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत काय काय असते, हे आपल्याला पाठ असते. चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणच्याची घट्ट बांधलेली बरणी, आणि वजन जास्त भरले म्हणून विमानतळावर बाहेर काढलेली एखादी चादर! पण मैत्रिणींनो, हल्ली एक निराळीच मंडळी प्रवासाला निघू लागली आहेत. त्यांच्या बॅगेत असतात कॅमेरे, भिंगे, तिपाई, छोटी दुर्बीण आणि ढीगभर बॅटऱ्या. त्यांना ना राजवाडे पाहायचे असतात, ना बाजारहाट करायचा असतो. ही माणसे हजारो मैल जातात ती अंधार शोधायला. खरेच सांगते, नुसता अंधार!

हसू नका. जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना आज आपल्या घराच्या अंगणातून आकाशगंगा दिसत नाही, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. दिव्यांचा उजेड आकाशात पसरतो आणि त्यात तारे बुडून जातात. मग जिथे दिवे कमी, तिथे ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांची यात्रा भरते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात सार्क नावाचे एक चिमुकले बेट आहे. वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास. मोटारगाड्यांना बंदी, ट्रॅक्टर, सायकली आणि घोडागाड्या एवढीच वाहने. रस्त्यावर एक दिवा नाही. २०११ साली या बेटाला ‘काळोख्या आकाशाचे बेट’ असा मान मिळाला, आणि असा मान मिळवणारे ते जगातले पहिले बेट ठरले.

माझी एक पुतणी पुण्याला नोकरी करते. तिला या फोटोंचे भारी वेड. तिने सार्कला जायचा सगळा बेत कागदावर मांडला होता. मुंबईहून लंडन, लंडनहून ग्वेर्नसी, तिथून बोट. खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही, उगीच कुणाला घेरी यायची! मी तिला एवढेच विचारले, “तिथून अगस्ती दिसतो का गं?”

ती म्हणाली, “नाही काकू, तो दक्षिणेचा तारा. तिथून तो कधीच वर येत नाही.”

आता माझे माहेर संगमनेरचे. प्रवरेच्या काठाने वर गेले की अकोले, आणि अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. लहानपणी आम्ही त्या यात्रेला जात असू. तेव्हा ज्या आकाशात अगस्ती उगवतच नाही, तिथे पदरमोड करून काय जायचे, हे काही माझ्या मनाला पटेना. अकोल्याहून पुढे राजूर, राजूरहून भंडारदरा आणि रतनवाडी. “आधी हे पाहा, मग परदेशाचे बघू,” असे म्हणून मी तिला फेब्रुवारीतल्या एका अमावास्येला राजूरला घेऊन गेले.

यात नुसता माहेरचा अभिमान नव्हता बरं का, त्यात हिशेबही आहे. सार्क उत्तरेला फार वर आहे. राजूर साडेएकोणीस अंशांवर. त्यामुळे ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून तेवढाच, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर दिसतो, आणि दक्षिणेचे आकाश आपल्याला भरभरून मिळते. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक राशींच्या बाजूला आहे. तो सार्कहून क्षितिजाला टेकल्यासारखा दिसतो. आपल्याकडे मात्र चाळीस अंश वर चढतो. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला डोंगर आडवा आला नाही, तर विश्वामित्राचा त्रिशंकूसुद्धा दिसतो. आणखी एक गंमत. ऐन जूनमध्ये सार्कला रात्र पुरती काळी होतच नाही, मध्यरात्रीही उत्तरेला फिकट उजेड राहतो. अर्थात आपल्याकडे जूनमध्ये ढग आणि चिखल, हेही खरेच. जून ते सप्टेंबर इकडे ताऱ्यांसाठी येऊच नये.

राजूरला जायला मुंबई-नाशिककडच्या मंडळींनी इगतपुरीजवळच्या घोटीहून वळावे. बारी, शेंडी करत रस्ता राजूरला येतो. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव, आणि शेंडीला भंडारदऱ्याचे धरण. १९२६ साली पुरे झालेले हे धरण आता शंभरीला पोचले. पुण्याहून संगमनेर, अकोले असे यावे. राजूर हे भोवतालच्या आदिवासी वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. तेल-मीठ, भाजी, मेणबत्त्या, काय हवे ते इथेच घ्यावे. पुढे दुकानांवर भिस्त ठेवू नये. राजूरचे पेढेही घ्यावेत. रात्री दोन वाजता कडकडीत थंडीत थर्मासमधल्या चहाबरोबर त्या पेढ्याची जी चव लागते, ती घरी नाही लागायची.

सामानाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण घरातल्या मुलामुलींना हा नाद लागला की बांधाबांध शेवटी आपल्याच गळ्यात पडते. भिंगे आणि दुर्बीण जुन्या मऊ सुती साडीत गुंडाळावीत. लोकरीचे तंतू काचेला चिकटतात. औषधांच्या आणि चपलांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात, त्या फेकू नका, कॅमेऱ्याच्या पिशवीत टाका; दमटपणा ओढून घेतात. विमानाने जायचे असेल तर लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. राजूरच्या लाल डब्यात असला नियम नाही, पण खड्डे आहेत. तेव्हा दुर्बीण मांडीवर, तान्ह्या बाळासारखी! थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी.

आणि दव! जलाशयाच्या काठी थंडीच्या रात्री दव असे पडते की तासाभरात भिंग पुसट होते. ते पदराने पुसायचे नाही, चरे पडतात. भिंगाच्या कडेभोवती कोमट पट्टी गुंडाळायची. पॉवर बँकेवर चालणाऱ्या अशा पट्ट्या विकत मिळतात. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावून रबर बांधा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ते सगळे वाया जाते. लाल उजेडाने तेवढे बिघडत नाही.

फोटोचे तंत्र मी काही शिकवणार नाही, पण पुतणीच्या शेजारी बसून जे कळले ते सांगते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून कॅमेरा फार वेळ उघडा ठेवला की ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. वीस मिलिमीटरच्या भिंगाला पंचवीस सेकंद पुरे. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे छोटे यंत्र लागते, आणि त्याचा कणा ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव खाली असतो, म्हणून उत्तरेला उंच झाड किंवा डोंगर जवळ नसेल अशी जागा दिवसाउजेडी हेरून ठेवायची. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप नजर लागत नाही. व्याधासारखा ठळक तारा धरून ती हाताने लावायची आणि भिंगाच्या कड्याला चिकटपट्टी मारून टाकायची, म्हणजे धक्क्याने हलत नाही.

आम्ही रतनवाडीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत उतरलो. घर साधे, सारवलेले, अंगण मोठे. जेवायला नागलीची भाकरी, ठेचा आणि वालाची आमटी. जेवणे आटोपून आम्ही अंगणात तिपाई मांडली. दक्षिणेला व्याध, आणि त्याच्या खाली, रतनगडाच्या बाजूला, शांत पांढरा अगस्ती. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा हाच. त्याला शेवटचे कधी पाहिले होते ते मला आठवेना. मुंबईच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीचे फक्त दिवेच दिसतात.

अंगणात एक पिवळा बल्ब लटकत होता. पुतणीने घरच्या मावशींना भीत भीत विचारले, “थोडा वेळ हा दिवा मालवाल का?” मावशींनी मालवला. मग आमच्याजवळ बसून म्हणाल्या, “ताई, तुमी एवढ्या लांबून अंधार बघाया आल्या व्हय? आमी तर उजेड याची वाट बघून बघून थकलो व्हतो.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होते. सासरी आल्या तेव्हा वाडीत वीज नव्हती. पावसाळ्यात रात्री पोटुशी बाई अडली तर झोळी करून चार जण चिखलातून रस्त्यापर्यंत नेत. पुढे एक कंदील. विहिरीच्या वाटेवर साप, गोठ्यापाशी बिबट्याची भीती. “दिवा आला तवा म्या त्याला हळदकुंकू वाहिलं,” असे त्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, “आता तुमी म्हनता मालवा!”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला सार्क बेट आणि ही वाडी यांतला फरक कळला. सार्कच्या लोकांनी अंधार ठरवून राखला आहे. इथे तो वाट्याला आला होता. ज्या डोंगरांच्या पाण्यावर भंडारदऱ्याची वीज होते, ज्या घाटघरला अडीचशे मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, त्याच डोंगरांतल्या बायकांना कंदील घेऊन बाळंतिणीच्या पुढे धावावे लागले. तेव्हा शहरातून येऊन त्यांना ‘दिवे लावू नका’ सांगण्याचा आपल्याला काय अधिकार?

पण दिवा आणि तारे यांत एकच निवडायला पाहिजे, असेही नाही. पुतणीने मावशींना तो बल्ब दाखवून सांगितले, की याचा निम्मा उजेड वर आकाशात आणि समोरच्या झाडात जातो. विहिरीच्या वाटेवर पडतच नाही. तेलाचा जुना पत्र्याचा डबा कापून बल्बवर टोपीसारखा बसवला, तर सगळा उजेड खाली पायापाशी पडेल. मावशींच्या मुलाने सकाळी तो डबा कापला. तारेला पत्रा टेकणार नाही एवढी काळजी घेतली. दुसऱ्या रात्री अंगणात उलट जास्त उजेड वाटत होता, आणि दहा पावलांवर, टोपीच्या सावलीत, आमचा कॅमेरा सुखाने चालू होता. रस्त्यावरच्या दिव्यांचेही असेच आहे. खाली तोंड केलेला, पिवळसर उजेडाचा दिवा माणसाला पुरतो आणि आकाशाला त्रास देत नाही. पांढऱ्या-निळ्या झगझगीत दिव्याचा उजेड हवेत जास्त विखुरतो.

खरा त्रास वाडीच्या बल्बचा नव्हेच. तो तळ्याकाठच्या काही तंबूवाल्यांचा आहे. आम्ही होतो त्यातली एक रात्र शनिवारची होती. पाण्यापलीकडे झगमगाट, मोठमोठ्या पेट्यांवर गाणी, आणि पाण्यावर पसरलेला निळा-जांभळा उजेड. ‘ताऱ्यांच्या सान्निध्यात’ अशी जाहिरात करायची आणि तारे दिसणार नाहीत एवढे दिवे लावायचे, याला काय म्हणावे? मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला इथे काजवे पाहायला तोबा गर्दी लोटते. काजव्याची लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद. गाडीचे दिवे आणि मोबाइलचे झोत त्यावर पडले की ती साद पोचतच नाही. आपण जाऊन राहतो ते घर साधे असो की महागाचे, ‘रात्री दहानंतर बाहेरचे दिवे मालवता का?’ एवढे आधीच विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकरावीला सांगावे लागत नाही. मावशींच्या घरी तर आता पाहुणे येतात ते अंधारासाठीच, आणि त्याचे चार पैसे त्यांच्या हातात पडतात. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली ‘काळोख्या आकाशाचे उद्यान’ असा मान मिळाला, भारतात पहिलाच. अकोले तालुक्याने असे काही मनावर घ्यावे, असे मला फार वाटते. पण ते वाडीतल्या बायकांना विचारून, त्यांच्या विहिरीच्या वाटेवर आधी दिवा लावून.

पुतणीचा सार्कचा बेत रद्द झालेला नाही, पुढे ढकलला आहे. मध्यंतरी ती पाचनईकडून हरिश्चंद्रगडाखाली जाऊन आली. तुमच्या घरात नवखे कुणी असेल तर एकट्याने धाडू नका. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. त्यांच्याबरोबर जाऊन आधी आकाश ओळखायला शिकावे. अभयारण्याच्या हद्दीत रात्री राहायचे असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी. फेब्रुवारीत जाल तर अगस्ती रात्री नऊच्या सुमारास नीट दक्षिणेला दिसेल. मार्चमध्ये आकाशगंगेसाठी पहाटे साडेतीनचा गजर लावावा लागेल, मेच्या सुरुवातीला रात्री अकरानंतर जागले तरी चालेल. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाऊस गेला की संध्याकाळी सातलाच ती नैर्ऋत्येला उभी असते, मुलांना जागवावे लागत नाही. आणि महाशिवरात्र साधता आली तर फारच छान. ती अमावास्येच्या आदली रात्र, चंद्राची अडचण नाही. दिवसा अकोल्याला अगस्तीची यात्रा करावी, आणि संध्याकाळी उपासाची साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून राजूरची एस.टी. धरावी.