आठ पायांची रूममेट

लंच टेबलवर पेट्सचा विषय निघाला की माझी विकेट पडते. कुणाकडे लॅब असतो, कुणाकडे पर्शियन मांजर आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्यांचे चारशे फोटो. मग कुणीतरी विचारतंच, 'तुझ्याकडे काय आहे गं?' मी म्हणते, 'टॅरंट्युला.' अर्धा मिनिट शांतता. त्यानंतर ठरलेले तीन प्रश्न... चावते का? विषारी असते का? नवरा कसा काय तयार झाला?

तर उत्तरं घ्या. चावू शकते, पण आमच्या जातीचा कल पळण्याकडे जास्त. विष असतं, पण ॲलर्जी नसलेल्या माणसाला ते साधारण मधमाशीच्या डंखाइतकं. टॅरंट्युला चावून माणूस गेल्याची खात्रीची नोंद नाही. आणि नवऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं!

२०१९ मध्ये माझा एक टीममेट दुसऱ्या राज्यात शिफ्ट झाला, तेव्हा ही पेटी माझ्या डेस्कवर आली. त्याने मला दोन वाक्यांत केटी दिली... आठवड्यातून एक क्रिकेट दे, पाणी भरून ठेव. क्रिकेट म्हणजे रातकिडे. इथे पेट शॉपमध्ये डझनावारी मिळतात. मी तिचं नाव ठमाकाकू ठेवलं. लाडाने ठमी.

इथे म्हणजे ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये. वाळवंट, कॅक्टस आणि चिप कंपन्या. ठमी याच वाळवंटातली, डेझर्ट ब्लाँड जातीची. शास्त्रीय नाव ॲफोनोपेल्मा चाल्कोडेस. पाय पसरले तर माझा तळहात भरेल एवढी, अंगावर फिकट सोनेरी लव. ती इथली भूमिकन्या, आम्ही व्हिसावरचे. तिच्या जातीतल्या माद्या पंचवीस वर्षं सहज काढू शकतात. ठमी बारा-पंधराची असावी. म्हणजे हिशोब बघा, आमचा इथला मुक्काम किती ते कुणालाच ठाऊक नाही, तिचा मात्र पक्का.

आता खरी गंमत सांगते. ही बया दिवसभर करते काय? काहीही नाही! काचेची पेटी, त्यात बोटभर नव्हे, चांगली वीतभर माती, एक अर्धी फुटकी कुंडी आणि पाण्याला बाटलीचं झाकण. पेटी उंच घ्यायची नाही, कारण दोन फुटांवरून पडली तरी तिचं पोट फुटू शकतं. त्या कुंडीच्या तोंडाशी ठमी बसलेली असते. सकाळी ऑफिसला जाताना बघते तेव्हा तिथे, रात्री येते तेव्हाही तिथेच. पहिले काही महिने मला वाटायचं, बोअर होत असेल बिचारीला. पण जंगलातही तिची जात हेच करते. एक बीळ धरलं की वर्षानुवर्षं त्यातच. तोंडाशी रेशमाचे धागे पसरायचे आणि त्यावरून कुणी किडा गेला की थरथर ओळखून झडप घालायची. डोळे आठ, पण नजर यथातथाच. सगळा कारभार पायांवरच्या केसांवर चालतो. जमिनीची थरथर, हवेची झुळूक, सगळं तिथेच कळतं.

त्यामुळे 'ती मला ओळखते का?' या प्रश्नाचं उत्तर, नाही. हातावर घेतली तर चालत येते, पण ते प्रेमबीम नसतं हो. माझा हात तिच्यासाठी रस्त्यात आलेली उबदार जमीन. मी तिला हातावर घेतही नाही. तिला त्यात काही मिळत नाही, पडली तर जिवावर बेततं. यूट्यूबवर गालावर टॅरंट्युला फिरवणारे हिरो बघून मला राग येतो, तो याचसाठी.

२०२३ मध्ये आई सहा महिन्यांसाठी आली. पहिला आठवडा ती पेटीच्या खोलीत शिरलीच नाही. मग पोळ्या झाल्या की हळूच डोकवायला लागली. एकदा मी पेटीतलं झाकण बदलत होते, तर ठमीने पुढचे पाय वर केले. आई म्हणाली, 'अगं बघ, नमस्कार करतेय!' म्हटलं, 'आई, तो नमस्कार नाही, दम आहे. हात काढ म्हणतेय.' त्याच्या पुढची पायरी म्हणजे पाठ फिरवणं. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंट्युलांच्या पोटावर बारीक काटेरी केस असतात. मागच्या पायांनी ते झाडले की आपल्या अंगाला खाज सुटते, आणि डोळ्यांत गेले तर खेळ संपला. २०१० मध्ये 'लान्सेट'मध्ये इंग्लंडमधल्या एका माणसाची केस छापून आली होती. लाल झालेला डोळा काही केल्या बरा होईना. शेवटी तपासणीत बुबुळावरच्या पडद्यात रुतलेले हे केस दिसले. पेटी साफ करताना त्याच्या टॅरंट्युलाने उडवले होते. मी साफसफाईला स्विमिंगचा गॉगल लावते. दिसते अगदी येडपट, पण चालतं.

आईने आणखी एक शोध लावला. मिक्सर चालू झाला की ठमी कुंडीत जाते. मग चटणी वाटायच्या आधी ती आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायची, 'ठमे, मिक्सर लावतेय गं!' ठमीला कान नाहीत, हे मी सांगितलं नाही.

आणि मग ठमीने खाणं सोडलं. नोव्हेंबरपासून एक रातकिडा तिने तोंडात धरला नाही. 'उपास धरलाय वाटतं,' आई म्हणाली, पण चेहरा काळजीचा. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. टॅरंट्युला महिनोन्‌महिने न खाता राहू शकतात, थंडीत तर सर्रास. हे माहीत असणं वेगळं आणि रोज संध्याकाळी न खाल्लेला रातकिडा चिमट्याने बाहेर काढणं वेगळं. आई परत गेली तेव्हाही उपास चालूच होता. रोजच्या व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, 'जेवली का?' तो माझ्यासाठी नसायचा.

एप्रिलात तिच्या पोटावरचा टक्कल पडलेला भाग काळाभोर, चकचकीत झाला. आणि एका रात्री बघते तर बाईसाहेब पाठीवर. आठही पाय वर.

इथे एक फंडा क्लिअर करायलाच हवा. टॅरंट्युला पाठीवर पडली म्हणजे मेली, असं नाही. उलट आहे. तिला पाय आत ओढायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे ताणून उघडायला नसतात. ते काम रक्ताच्या दाबाने होतं, अगदी जेसीबीच्या हायड्रॉलिकसारखं. जीव जायला लागला की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे मिटतात. तेव्हा घाबरायचं. पाठीवर पाय पसरून पडलेली टॅरंट्युला कात टाकत असते. त्या वेळी तिला हात लावायचा नाही, उलटं करायचं नाही, आणि पेटीत रातकिडा तर मुळीच ठेवायचा नाही. ती इतकी मऊ असते की तो किडाच तिला कुरतडू शकतो.

मला हे सगळं पाठ होतं. तरी मी पहाटे चारपर्यंत जमिनीवर टॉर्च घेऊन बसले होते, दुसऱ्या दिवशी रिलीज असताना. आधी पाठीवरची ढाल झाकणासारखी उघडली. मग एकेक पाय जुन्या पायातून, जणू ओल्या मोज्यातून, बाहेर येत गेला. जबड्याचे दात नवे, पांढरेशुभ्र. शेजारी तिची रिकामी कात, हुबेहूब दुसरी ठमी. पाय तुटला असेल तर तोही पुढच्या कातींमध्ये परत उगवतो. अप्रेझलमध्ये असलं काहीतरी मिळायला हवं होतं!

ती कात मी डबीत घालून ठेवली आहे. काहीजण म्हणतात, हा वेडेपणा. असेल.

उन्हाळा संपता संपता इथे पाऊस येतो, आणि गंमत म्हणजे इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. आपल्या जूनच्या पावसापुढे अगदीच चिल्लर, पण मातीचा वास तोच. त्या संध्याकाळी टूसॉनच्या बाजूला ड्राइव्हवर गेलात तर रस्ता ओलांडणारे नर दिसतात. आठ-दहा वर्षं बिळात काढून वयात आलेले, मादीच्या शोधात निघालेले. मादीच्या बिळाशी जाऊन ते पायांनी टकटक करतात. मादीने खाल्लं नाही, गाडीखाली आले नाहीत, तरी बहुतेक काही महिन्यांतच संपतात. वर टॅरंट्युला हॉक नावाची गांधीलमाशी टपलेलीच असते. ती डंखाने टॅरंट्युलाला लुळं करते आणि तिच्यावर एक अंडं घालते. अळी मग जिवंत टॅरंट्युला खात वाढते. टूसॉनचे कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट (ते २०२३ मध्ये गेले) यांनी डंखांच्या वेदनेची एक ते चार अशी पट्टी बनवली होती, त्यात हिला चार. आम्ही अशा वेळी गाडी थांबवून हॅझर्ड लाइट लावतो. नराला रस्ता पार करायला चांगली दोन-तीन मिनिटं लागतात. मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, हे ॲरिझोनाचं मला आवडतं.

हे वाचून कुणाला पुण्या-मुंबईत टॅरंट्युला पाळायची हुक्की आली असेल, तर प्लीज, नको. मुंबई-चेन्नई गाडीने जाताना आंध्रात गुत्ती स्टेशन लागतं. तिथे १८९९ मध्ये एक जर्द निळी टॅरंट्युला सापडली आणि मग शंभर वर्षं कुणाला दिसली नाही. २००१ मध्ये परत सापडली आणि बघता बघता युरोप-अमेरिकेच्या पेट मार्केटमध्ये पोचली. २००८ पासून तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. उलट दिशेनेही धंदा चालतो. जुलै २०२१ मध्ये चेन्नई कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत छोट्या कुप्यांमध्ये, कापसात आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी! परत पाठवले गेले.

यंदा मार्चमध्ये आमच्या फ्लोअरवर ले-ऑफ झाले. माझ्या रांगेतली चार डेस्क रिकामी झाली, माझं राहिलं. पण ज्यांनी इथे एच-वन-बीवर दिवस काढलेत त्यांना साठ दिवसांचा हिशोब माहीत आहे. नोकरी गेली तर तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. त्या रात्री नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. गाडी... विकू. सोफा... मित्राला. भांडी... देऊन टाकू. अकराव्या ओळीवर 'ठमी' लिहिलं आणि आम्ही दोघंही गप्प. तिला भारतात नेणं हा विषयच नाही. वाळवंटात सोडावं, तर इतकी वर्षं काचेत काढलेली, बीळ नसलेली मादी उघड्यावर किती दिवस टिकणार?

शेजारची नऊ वर्षांची मुलगी घ्यायला तयार आहे. तिची आई नाही. म्हणजे अजून नाही. पोरगी दर शनिवारी येते, दूर बसून वहीत लिहिते... कुठे बसली, खाल्लं का, पाय किती वर. मागच्या आठवड्यात तिने आईलाही ओढून आणलं होतं. आई दारातच उभी राहिली, पण पाच मिनिटं उभी राहिली.

मी ठमीच्या केटीचं डॉक्युमेंट लिहायला घेतलं आहे. मला दोन वाक्यांत मिळालं होतं, माझं चार पानांचं झालंय. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मिक्सरचं लिहिलंस का?' लिहिलं.