आग्नेयेचा कोपरा

मिरजेच्या आमच्या घरात भांडण चढू लागलं की आजी एवढंच म्हणायची, "वास्तू तथास्तु म्हणते." बोलणारा तिथेच थांबायचा. घरात कुणीतरी सतत ऐकतंय याची मला लहानपणी भीती वाटली नाही, सोबतच वाटली. परीक्षेच्या दिवसांत मी भिंतीला हळूच सांगून ठेवायची, "मी पास होणार आहे."

लग्न कांदेपोह्यांतूनच ठरलं. पत्रिका जुळली आणि ज्यांच्याशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते त्यांच्या घरी, वाईच्या वाड्यात, मी माप ओलांडून शिरले. घर माणसांनी भरलेलं. कुणापुढे किती बोलायचं याचाच धाक. त्यात हे अबोल. सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी हे मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. आग्नेयेच्या कोपऱ्यात, चुलीशेजारी, कड उडालेली एक शहाबादी फरशी होती. "हिच्याखाली वास्तुपुरुष आहे," हे म्हणाले. "मला आजोबांनी दाखवला होता. तुला ठाऊक असावा." साड्या-दागिने आधीच मिळाले होते. घर मिळालं ते त्या दुपारी.

त्याची गोष्टही ह्यांनीच सांगितली, वीज गेलेली असताना ओसरीवर बसून. मत्स्यपुराणातली ती कथा. अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक अक्राळविक्राळ भूत जन्मलं आणि भुकेपायी सगळं गिळायला निघालं. देवांनी त्याला पालथं पाडलं आणि जो जिथे बसला तो तिथेच राहिला. वास्तुशांतीला 81 पदांचं मंडल मांडून 45 देवतांची पूजा करतात, ती यांचीच. दबलेल्या त्या जिवाने खायला मागितलं, तेव्हा घराघरातला वाटा त्याच्या नावे झाला. "त्याला उठता येत नाही," हे म्हणाले, "म्हणून त्याचं पान आपण नेऊन ठेवायचं."

सणावारी देवांच्या नैवेद्याबरोबर त्या फरशीवर एक छोटं पान मांडलं जाई. भाताची मूद, वरण, तुपाची धार, होळीला पुरणपोळी. पुरुषांची पंगत आधी, आम्हा बायकांची मागाहून. पण ते पान कुणी खायचं हे ठरलेलं नव्हतं. पंगत उठली की हे पाणी प्यायच्या निमित्ताने आत यायचे, गार झालेली पोळी मधोमध मोडायचे आणि तुपाने भिजलेली अर्धी माझ्या हातावर ठेवायचे. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला एका पानातलं खायला मिळण्याची तेवढीच जागा होती. माझं प्रेम तिथे जमलं, असं मी आजही खात्रीने सांगते.

एकदा रागाच्या भरात मी म्हणाले, "मला नाही राहायचं या घरात." सासूबाई चपापल्या. हे काही बोलले नाहीत. गुळाचा खडा घेऊन कोपऱ्यात उकिडवे बसले आणि फरशीला म्हणाले, "हे ऐकलं नाहीस तू." मी रडता रडता हसले.

पुढे वाडा पाडायला द्यावा लागला. रशियातल्या लोककथांत दोमोवोय नावाचा घरराखा असतो; घर बदलताना जुन्या चुलीतल्या निखाऱ्यांबरोबर त्याला नव्या घरी नेतात. आमचा वास्तुपुरुष मात्र त्या जमिनीचा. शेवटच्या दिवशी ह्यांनी त्याला दहीभात दाखवला आणि निरोप घेतला. पुण्याच्या सदनिकेत खणायला जमीन नाही. गवंड्याने ओट्याखालच्या कोपऱ्यात थोडी खोल जागा केली, तिथे प्रतिमा बसवून वर फरशी लावली.

हल्ली वास्तू म्हटलं की लोक संडासाची दिशा विचारतात, चांगला ओटा फोडतात, पिरॅमिड विकत आणतात. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याला जेवायला वाढायचं, त्याचीच भीती विकली जाते आहे.

मुलीने स्वतः पसंत केलेला जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा ह्यांनी त्यालाही ओट्यापाशी नेलं. तुमच्याकडे वास्तुशांत झाली असेल तर प्रतिमा नेमकी कुठे आहे हे घरात नव्याने आलेल्या माणसाला एकदा दाखवा. ते काम गुरुजींवर सोडू नका. सुनेला नवऱ्याने दाखवावं, जावयाला सासऱ्याने.