तीनच्या आत मावळणारे शहर

डिसेंबरातल्या स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो! चौदा बेटांवरचे हे शहर दोन दिवसांत पाहायचे म्हणजे आम्हा तिघा मित्रांची उजेडाशी शर्यतच. गामला स्तान या जुन्या पेठेतली एक गल्ली तर जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद; आमचे ओव्हरकोट दोन्ही भिंतींना घासत होते.

पण मन अडकले ते 'वासा' जहाजात. राजाच्या हौसेचे, तोफांनी लादलेले हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, कोसभरही न जाता, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. वास्तविक, आधीच तीस खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतके डोलू लागले की चाचणी थांबवली. जहाज मात्र थांबवले नाही! राजाला सांगणार कोण? पुढे चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. बाल्टिकच्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा नसल्यामुळे १९६१ साली ते जवळजवळ अखंड वर निघाले.

"आमच्या कचेरीतूनही अशी जहाजे सुटतात," आमचा सरकारी नोकर मित्र म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही. परतल्यावर महिनाभर अडवून धरलेल्या एका कागदावर त्याने आपला विरोध स्वच्छ अक्षरात नोंदवला म्हणे!