सुकेळी, पेटंट आणि एक गोळी

लग्नकार्यात भेटलं की नातेवाईक हमखास विचारतात, "तू पेटंटमध्ये आहेस म्हणजे नक्की करतेस काय गं?" पापडीहून वसई रोड स्टेशन गाठायचं, लोकलमध्ये घुसायचं आणि दिवसभर काय, तर कॅन्सरचं एखादं औषध बनवण्याच्या कृतीवर कुणाकुणाचं पेटंट आहे ते हुडकायचं. एवढं सांगेपर्यंत ऐकणारा जेवणाच्या रांगेत पोचलेला असतो! म्हणून इथेच लिहिते.

आपली वसईची सुकेळी घ्या. सुकेळी ही वस्तू. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवणं ही कृती. १९७० च्या कायद्यात अन्न आणि औषध या वस्तूंना पेटंट मिळत नसे, फक्त कृतीला मिळे. तीच वस्तू वेगळ्या रीतीने बनवणारा मोकळा. आपल्या औषध कंपन्या याच वाटेने मोठ्या झाल्या. १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूलाही पेटंट मिळू लागलं. कृतीची पेटंटं मात्र राहिलीच, कुंपणामागच्या दुसऱ्या कुंपणासारखी.

आणि ती सहज सापडत नाहीत. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब बघा. त्याच्या भारतीय पेटंटचा क्रमांक २१५७५८, पण मथळ्यात औषधाचं नावच नाही. आहे ते 'कार्बॉक्सिअॅरिल सब्स्टिट्यूटेड डायफिनाइल युरियाज'. मग रेणूची आकृती समोर ठेवून शोधायचं. याचे दोन तुकडे वेगळे बनवतात आणि शेवटी युरियाच्या पुलाने जोडतात, मग त्याचा क्षार करतात. प्रत्येक तुकडा, जोडणी, क्षार, स्फटिक यांवर वेगळा अर्ज असू शकतो. तो भारतात मंजूर झाला का, फी भरून जिवंत ठेवलाय का, हेही बघायचं. कारण अमेरिकेतलं पेटंट इथे चालत नाही. शेवटी 'दावे' ओळ न् ओळ वाचायचे. खरी हद्द तिथेच आखलेली असते.

या कोरड्या कामाचं मोल काय? मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत निकाल दिला आणि देशातला पहिला सक्तीचा परवाना नॅटकोला मिळाला. बायरच्या महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. नॅटकोने त्या ८,८८० रुपयांत द्यायच्या आणि बायरला रॉयल्टी भरायची. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात हात घातला नाही. पण परवाना म्हणजे नुसती परवानगी हं. बनवण्याची कृती नॅटकोने आधीच स्वतः बसवली होती, म्हणून परवानगीचा उपयोग झाला.

आमच्या आळीतल्या एका काकांच्या घरी तेव्हा वेगळीच चर्चा. "एवढी स्वस्त? डुप्लिकेट असणार!" पोरं कर्ज काढून महागडी गोळीच आणायच्या बेतात होती. मी कागद घेऊन गेले, हे सगळं समजावलं, डॉक्टरांनाही विचारायला लावलं. काका पुढे फार जगले नाहीत. हे औषध बहुतेकदा रोग बरा करत नाही, थोडे दिवस वाढवून देतं. पण त्या दिवसांपायी घर गहाण पडलं नाही.

त्या पेटंटची २० वर्षं जानेवारी २०२० मध्ये संपली. मक्तेदारीच्या बदल्यात कृती उघड लिहून ठेवावी लागते, हा पेटंटचा मूळ सौदा. ती आता कुणीही वाचावी. मी तर पगार घेऊन वाचते!